लँडिंग बिघडतं फ्लेअरच्या, म्हणजे टेकताना नाक उचलायच्या, आधी, आणि मोडतोड होते ती ते वाचवायला गेल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेसना १७२ एस वर ट्रेनिंग चालू आहे, सोलो (एकट्याने उडणं) सुरू झालेत, आणि एका सोलो सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, विमान टेकलं, परत उडालं, घाबरून नाक खाली ढकललं गेलं, मग ते नोजव्हीलवर (नाकाखालच्या चाकावर) आपटून आधीपेक्षा उंच उडालं आणि तिसऱ्यांदा कसंबसं बसलं. पार्किंगला आल्यावर बाहेरून काही दिसलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून शॉर्ट फायनलला, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, हात आखडतात. इन्स्ट्रक्टर म्हणतात प्रॅक्टिस वाढव. तर नेमकी कसली प्रॅक्टिस, आणि छोट्या विमानांची लँडिंगं ज्या सवयींमुळे बिघडत नाहीत त्या कुठल्या?

मी बरीच वर्षं शिकवतेय आणि याचं उत्तर मला नीट द्यायचंय, पण सगळ्यात आधी एक काम करा. आजच इन्स्ट्रक्टरला आणि मेंटेनन्सच्या इंजिनिअरला सांगा की हे विमान नोजव्हीलवर आपटलं होतं. नोज गिअरचा धक्का सरळ फायरवॉलपर्यंत जातो, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या त्या पत्र्यापर्यंत, आणि तो पत्रा आतून सुरकुतला असेल तर बाहेरून फिरून बघणाऱ्याला काही कळत नाही, काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, काढून बघावं लागतं. सेसना १८२ तर नाकाला जड असल्यामुळे यासाठी बदनामच आहे. प्रॉपेलरची टोकंही जवळून बघायला सांगा. टोक जमिनीला लागलं असेल आणि इंजिन चालू असेल तर तो झटका क्रँकशाफ्टपर्यंत जातो, मग नुसतं पातं सरळ करून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. लँडिंग खराब झालं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ते शिकताना होतंच. पण त्या विमानात नंतर दुसरा कुणीतरी बसणार आहे आणि त्याला हे माहीत असायलाच हवं.

आता नेमकं काय झालं ते बघू, कारण तुम्ही वर्णन केलंय ते अगदी ठरलेल्या क्रमाने होणारं पॉरपॉइझिंग आहे. वेग जास्त होता, विमानाला अजून उडायचंच होतं, तुम्ही ते बसवायला गेलात आणि ते सपाट किंवा नोजव्हीलवर आधी टेकलं. मेन व्हील्स (मागची दोन मुख्य चाकं) विमानाच्या वजनाच्या मध्याच्या मागे असतात आणि नोजव्हील खूप पुढे, त्यामुळे नोजव्हील आधी लागलं की नाक वर फेकलं जातं, नाक वर गेलं की पंखाचा अँगल वाढतो आणि वेग शिल्लक असल्यामुळे विमान परत हवेत जातं. इथे माणूस काय करतो तर योक, म्हणजे विमानाचं हँडल, पुढे ढकलतो. नैसर्गिक आहे, जमीन खाली दिसतेय आणि तिथे जायचंय. पण तुमचा हात पुढे जाईपर्यंत विमानाचं नाक आपोआप खाली यायला लागलेलं असतं, म्हणजे तुमचं ढकलणं त्या खाली येण्यात भर घालतं आणि दुसऱ्यांदा नोजव्हील आणखी जोरात आपटतं. मग तुम्ही खेचता, तेही उशिरा. प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी होते, वेग कमी होत जातो, आणि साधारण तिसऱ्या उडीच्या सुमाराला नोज गिअर मोडतं किंवा प्रॉप लागतो. तुमचं तिसऱ्यांदा बसलं, पण त्यावरून पुढच्या वेळीही बसेल असं धरून चालू नका.

म्हणून बाउन्सबद्दलची, म्हणजे टेकून परत उडण्याबद्दलची, सवय आधी सांगते, मग मागे जाऊ. बाउन्स झाला की योक पुढे ढकलायचा नाही, कधीच नाही. छोटा बाउन्स असेल, फूटभर दोन फूट, तर नाक लँडिंगच्या स्थितीत आहे तिथेच धरून ठेवायचं, लागलीच तर चिमूटभर पॉवर द्यायची आणि विमानाला परत स्वतःहून खाली येऊ द्यायचं. उंच उडालं असेल, किंवा उंच की छोटं असा प्रश्न जरी मनात आला, तरी फुल थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर. दुसऱ्या टेकण्याची वाट बघायची नाही, निर्णय पहिल्या उडीतच घ्यायचा, कारण त्या वेळी तुमच्याकडे वेग असतो आणि पुढच्या प्रत्येक उडीत तो कमी होत जातो.

पण खरं दुखणं बाउन्समध्ये नव्हतंच. तुम्ही लिहिलंय की शॉर्ट फायनलला वेग "सत्तरच्या वर थोडा" होता. १७२ एस च्या हँडबुकमध्ये फुल फ्लॅपला (पंखांमागच्या पट्ट्या पूर्ण खाली असताना) नॉर्मल अप्रोच ६० ते ७० नॉट दिलाय आणि शॉर्ट फील्डला, म्हणजे आखूड रनवेला, ६१. आणि हे आकडे पूर्ण वजनाचे, २५५० पाउंडाचे. तुम्ही सोलो होतात, म्हणजे बाजूचा माणूस उतरलेला, टाकीही बहुतेक पूर्ण भरलेली नसणार. वजन कमी झालं की स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान धरून ठेवू शकत नाहीत तो वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, ढोबळ हिशेब म्हणजे वजन २० टक्के कमी तर वेग साधारण १० टक्के कमी. म्हणजे ज्या वेगाला इन्स्ट्रक्टर शेजारी असताना विमान बरोबर बसायचं, त्याच वेगाला सोलोमध्ये ते तरंगत राहतं. सोलोच्या सुरुवातीला फ्लोट होतो याचं हे मोठं कारण आहे आणि खूपदा ते विद्यार्थ्याला कुणी आधी सांगितलेलंच नसतं, मग त्याला वाटतं माझाच हात बिघडला.

फ्लोट म्हणजे काय तर जमिनीपासून पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलात, १७२ मध्ये ३६ फूट, की ग्राउंड इफेक्ट सुरू होतो आणि जितकं खाली जाल तितका ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होत जातो. लांबीच्या एक दशांश उंचीवर इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे पंख उचल देताना येणारा अडथळा, जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे वेग कमी व्हायला हवा त्याच क्षणी विमान वेग सोडायला तयार नसतं. आणि ६५ नॉट म्हणजे सेकंदाला ११० फूट. पाच सेकंद तरंगलात की साडेपाचशे फूट रनवे मागे गेला. मग रनवे संपतोय असं दिसायला लागतं, धीर सुटतो आणि माणूस विमान जमिनीवर दाबतो. तिथून नोजव्हील, तिथून बाउन्स. शिवाय जमिनीवर आल्यावर थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ६१ च्या जागी ७१ नॉटने टेकलात तर ती साधारण ३५ टक्के जास्त. दहा नॉट ऐकायला किरकोळ वाटतात, ब्रेक लावताना ते किरकोळ राहत नाहीत.

हे जास्तीचे नॉट येतात कुठून? चांगल्या हेतूनेच येतात. थोडे वाऱ्यासाठी, थोडे सुरक्षित वाटावं म्हणून, थोडे मागचं विमान जवळ आलंय म्हणून. वाऱ्याचा नियम सरळ आहे, झोत जितका वर जातो त्या फरकाच्या निम्मं वाढवायचं. वारा १० आणि झोत २० तर फरक १० चा, ५ नॉट जास्त धरा. वारा स्थिर असेल तर काही वाढवायचं नाही. बाकीची भर घालायची नाही. आणि एक खबरदारी, हुशार विद्यार्थी इथे चुकतात. स्टॉल स्पीडच्या १.३ पट हा नियम वाचून ते एअरस्पीड इंडिकेटरवर पांढऱ्या पट्ट्याची खालची कड, म्हणजे फुल फ्लॅपचा स्टॉल स्पीड, बघतात, १७२ एस मध्ये ती ४० ला आहे, आणि ५२ काढतात. तसं करू नका. त्या वेगाला इंडिकेटर बरंच कमी दाखवतो, खरा कॅलिब्रेटेड, म्हणजे इंडिकेटरची चूक काढलेला, आकडा ४८ आहे आणि त्याच्या १.३ पट म्हणजे ६२ च्या आसपास, तेच हँडबुकच्या ६१ शी जुळतं. आकडा हँडबुकमधून घ्या, डोक्यात बनवू नका.

आता बरोबर वेग शॉर्ट फायनलला आणायचा तर तो शॉर्ट फायनलला पकडता येत नाही, त्याची तयारी डाउनविंडपासून, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने उडतानाच, होते. टचडाउनच्या जागेच्या बरोबर बाजूला आलात की पॉवर कमी, पहिला फ्लॅप, आणि लगेच ट्रिम, म्हणजे हाताचा जोर लागू नये असं विमान जुळवणं. ट्रिमवर मी फार अडून बसते आणि माझे विद्यार्थी वैतागतात, पण ज्याचं विमान ट्रिममध्ये आहे त्याचा हात मोकळा असतो, ज्याचं नाही तो सगळा अप्रोच विमानाशी झटापट करत येतो आणि फ्लेअरला पोचेपर्यंत त्याच्या बोटांना विमान काय सांगतंय तेच कळत नाही. तुमचे हात आखडतात म्हणालात ना, पुढच्या सर्किटमध्ये फायनलला दोन सेकंद योकवरची पकड सैल करून बघा. नाक हललं तर ट्रिम नाही. योक दोन बोटं आणि अंगठ्यात धरा, मुठीत नाही.

फायनलला काचेतून बघताना रनवेवरची एक जागा निवडा. जी जागा काचेत वर सरकते तिच्या अलीकडे तुम्ही पडणार, जी खाली सरकते तिच्या पलीकडे, आणि जी हलत नाही तिकडे तुम्ही चाललाय. एवढं एक कळलं की उंच आहोत की खाली हा अंदाज उरत नाही, ते दिसायलाच लागतं. तीन डिग्रीच्या उतारावर ६५ नॉट ग्राउंडस्पीडला मिनिटाला सव्वातीनशे फूट खाली यायला हवं, ग्राउंडस्पीड गुणिले पाच करा. त्यापेक्षा फार जास्त येत असाल तर काहीतरी जुळलेलं नाही. पापी (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे रनवेशेजारचे चार दिवे) असेल तर दोन पांढरे दोन लाल. आणि रनवे अरुंद असेल तर तुम्हाला आहात त्यापेक्षा उंच असल्यासारखं वाटतं, मग माणूस नकळत खालून येतो. रुंद असेल तर उलट, खाली आलोय असं वाटून फ्लेअर उंचावरच होतो आणि मग विमान वरून आपटतं. नव्या रनवेवर जायच्या आधी त्याची रुंदी बघून ठेवायची सवय लावा.

स्टेबल अप्रोचचा दरवाजा, म्हणजे पुढे जायचं की सोडायचं हे ठरवायची उंची, पुस्तकात बहुतेक ५०० फुटांवर असतो. छोट्या विमानाच्या सर्किटमध्ये फायनलला वळून सरळ होईपर्यंतच ५०० येतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना ३०० फूट देते पण तिथे अजिबात सूट देत नाही. ३०० फुटांवर वेग ठरवलेल्याच्या पाच नॉट कमी ते दहा जास्त या पट्ट्यात, फ्लॅप लावलेले, सेंटरलाइन नाकासमोर, पॉवर थोडी चालू आणि फार हलवावी न लागणारी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर मोठ्याने "गो-अराउंड" म्हणायचं आणि निघायचं. मोठ्याने का, तर तोंडातून शब्द निघाला की हात मागे राहत नाहीत, मनातल्या मनात म्हटलं की "थोडं बघू" सुरू होतं. दुसरा दरवाजा रनवेवर: पहिल्या एक तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर परत वर. हे दोन्ही निर्णय जमिनीवर, इंजिन सुरू करायच्या आधी घेऊन ठेवायचे असतात, कारण वरती तेवढा वेळ नसतो आणि मनही पक्षपाती असतं, त्याला आता उतरायचंच असतं.

फ्लेअरबद्दल थोडंच सांगते कारण ते लिहून शिकवता येत नाही. साधारण १० ते २० फुटांवर राउंडआउट, म्हणजे उतार मोडून विमान सपाट करणं, सुरू होतो आणि त्या वेळी नजर जवळच्या डांबरावरून उचलून रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे न्यायची. जवळ बघत राहिलात तर सगळं धूसर धावतं आणि उंची कळत नाही, मग झटक्यात खेचलं जातं आणि बलूनिंग होतं, म्हणजे विमान परत वर चढतं. बलूनिंग झालं तर उपाय बाउन्ससारखाच, ढकलायचं नाही. आणि मग टेकवायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे. विमानाला फूटभर उंचीवर धरून ठेवायचं, ते खाली जाऊ बघेल तसा योक हळूहळू मागे, जणू तुम्हाला ते उतरूच द्यायचं नाहीये, मग वेग संपतो आणि ते मेन व्हील्सवर स्वतः बसतं, नाक वर असतानाच. टेकल्यावरही योक सोडायचा नाही, नोजव्हील शक्य तितकं उशिरा खाली येऊ द्यायचं.

आता गो-अराउंड, कारण नुसतं "गो-अराउंड करा" म्हणणं सोपं आहे आणि गो-अराउंड चुकून लोक मेलेत. फुल फ्लॅप, नोज-अप ट्रिम, कमी वेग, त्यात एकदम फुल पॉवर दिली की नाक स्वतःहून जोरात वर उठतं आणि डावीकडे वळतं. नाक वर जाऊ दिलंत तर काही सेकंदांत स्टॉल. म्हणून फुल थ्रॉटल देताना उजवा रडर (नाक डावीउजवीकडे वळवणारं पेडल) त्याच क्षणी आणि योकवर पुढे दाब, नाक क्षितिजाच्या जरा वर येऊन तिथेच थांबेल एवढा, मग लगेच ट्रिम. (वर मी ढकलू नका म्हटलं ते पॉवर न देता जमिनीकडे ढकलण्याबद्दल, इथे तुम्ही वर उठणारं नाक अडवताय, दोन्हींत गल्लत करू नका.) कार्ब्युरेटरवालं जुनं विमान असेल तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) बंद, नाहीतर पूर्ण पॉवर मिळत नाही. १७२ एस मध्ये फ्लॅप ३० वरून २० ला लगेच, कारण शेवटचा टप्पा मुख्यतः ड्रॅगच देतो. मग थांबा. वेग ६० च्या आसपास आला, विमान वर जातंय हे अल्टिमीटरवर दिसलं, मग पुढचे फ्लॅप एकेक टप्प्याने. सगळे एकदम उचलायचे नाहीत. रेडिओवर बोलणं सगळ्यात शेवटी, टॉवर थांबेल.

फ्लॅपचं हे मी पुन्हा पुन्हा का सांगते? २०१६ च्या जूनमध्ये ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर एक सिरस एसआर२० पडलं, तिघांचा जीव गेला. मोठ्या विमानांची वर्दळ, कंट्रोलरच्या बदलत गेलेल्या सूचना, एकामागून एक गो-अराउंड, आणि शेवटच्या वेळी पुरेसा वेग यायच्या आधीच फ्लॅप उचलले गेले आणि विमान स्टॉल झालं. अमेरिकेच्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने पायलटच्या गो-अराउंडमधल्या चुकीबरोबर कंट्रोलरने विमान त्या गर्दीत सर्किटमध्ये ठेवण्याच्या निर्णयालाही कारणांमध्ये धरलं. मला यातून जे घ्यावंसं वाटतं ते असं की दोन-तीन गो-अराउंड झाले की डोकं थकतं, हातांचा क्रम विसरायला लागतो, तेव्हा गर्दीतून बाहेर निघून उंची घेऊन पाच मिनिटं सरळ उडायचं, नाहीतर "अनेबल", म्हणजे हे जमणार नाही, म्हणायचं. हा शब्द वापरायला कुठल्याही पायलटला परवानगी लागत नाही. आणि गो-अराउंड हे फक्त टेस्टच्या आधी दाखवायची गोष्ट नाही, प्रत्येक सर्किट सेशनमध्ये एक तरी करा, वेगवेगळ्या उंचीवरून, त्यातला एक फ्लेअरमधून.

बेस (रनवेला काटकोनातला टप्पा) ते फायनलच्या वळणाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण बाउन्समध्ये विमानं मोडतात आणि या वळणात माणसं जातात. नेहमीची गोष्ट अशी, बेसला वारा पाठीमागून आहे, त्यामुळे फायनलची रेघ ओलांडली जाते. रनवे निसटतोय असं दिसतं. जास्त बँक करायची, म्हणजे विमान कलवायची, भीती वाटते, म्हणून पायलट आतल्या बाजूचा रडर दाबून नाक रनवेकडे ओढतो, त्याने बँक वाढायला लागते म्हणून एलरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उलटा देतो, नाक खाली जातं म्हणून योक मागे. विमान क्रॉस कंट्रोल झालं, बॉल (विमान घसरतंय का ते दाखवणारी गोळी) बाहेर, आणि आता स्टॉल झाला तर आतला पंख आधी पडणार आणि स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली पडणं. ५०० फुटांवरून स्पिनमधून बाहेर यायला जागाच नसते. उंची टिकवून वळताना ४५ डिग्री बँकला स्टॉल स्पीड १९ टक्के वाढतो, ६० डिग्रीला ४१ टक्के. माझा नियम, सर्किटमध्ये ३० डिग्रीच्या वर बँक नाही, बॉल मध्यभागी, आणि ३० डिग्रीत फायनल मिळत नसेल तर ती मिळालीच नाही, पंख सरळ करा आणि वर जा. ओलांडलेली सेंटरलाइन पकडण्याच्या नादात जे जीव गेलेत ते सगळे टळण्यासारखे होते, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) टेकेपर्यंत बहुतेक जण नीट करतात, वाऱ्याकडचा पंख खाली, उलट रडरने नाक रनवेशी सरळ, वाऱ्याकडचं चाक आधी. गडबड होते टेकल्यानंतर. चाकं लागली की "झालं" म्हणून एलरॉन सरळ होतो आणि नेमका तेव्हाच वारा पंख उचलतो. टेकल्यावर वेग कमी होईल तसा एलरॉन वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, शेवटी पूर्ण. रोलआउट हे उडणंच समजा. विशेषतः टेलव्हील (शेपटाखाली चाक असलेल्या) विमानात, तिथे वजनाचा मध्य मेन व्हील्सच्या मागे असतो, एकदा शेपूट फिरायला लागलं की ते फिरतच जातं आणि ग्राउंड लूप होतो. टेकताना टाचा केबिनच्या तळावर, पावलांचा पुढचा भाग रडरच्या खालच्या बाजूला, ब्रेकवर नाही, नाहीतर ब्रेक दाबलेलेच टेकता आणि टायर जातो. आडव्या वाऱ्याचा हिशेब तोंडी करता यायला हवा, वारा रनवेच्या दिशेपासून ३० डिग्रीवरून आला तर निम्मा, ४५ ला सत्तर टक्के, ६० च्या पुढे जवळजवळ पूर्ण. १७२ एस चे १५ नॉट हे डेमॉन्स्ट्रेटेड, म्हणजे चाचणीत करून दाखवलेले, आहेत, विमानाची मर्यादा म्हणून नाहीत, पण तुमची मर्यादा आत्ता त्याच्या बरीच खाली आहे आणि ती इन्स्ट्रक्टरबरोबर बसून आकड्यात लिहून ठेवा. टेलविंडला (मागून येणाऱ्या वाऱ्याला) हलकं घेऊ नका, सेसनाच्या हँडबुकप्रमाणे दर २ नॉट टेलविंडला लँडिंगचं अंतर १० टक्के वाढतं, आणि हेडविंडचा फायदा मिळतो तो मात्र ९ नॉटला १० टक्के. सोयीचा रनवे आणि वाऱ्याचा रनवे यात निवड आली तर हे गुणोत्तर आठवा.

पुढे कधीतरी रिट्रॅक्टेबल गिअरवर (आत घेता येणाऱ्या चाकांच्या विमानावर) जाल म्हणून एक सवय आत्ताच लावून घ्या, रनवे सोडून, होल्ड लाइन ओलांडून, विमान थांबेपर्यंत कुठल्याही लिव्हरला हात लावायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर लँड झाल्यावर पायलट फ्लॅप उचलायला जायचे आणि चाकं उचलायचे, चांगले अनुभवी पायलट. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बघितलं की दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि एकसारखे आहेत, मग त्याने गिअरच्या स्विचला रबरी चाक आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा लावला. आजही गिअरची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची पंखासारखी असते ती तिथून. तरी जुन्या बोनान्झा विमानांमध्ये या दोन लिव्हरच्या जागा बाकीच्या विमानांच्या उलट आहेत आणि हात सवयीनेच चालतो. चाकं खाली न घेता उतरणं तर बहुतेक वेळा कुठल्यातरी व्यत्ययाने होतं, टॉवरने ऑर्बिट (गोल चक्कर) करायला सांगितलं, डाउनविंड लांबवली, चेकलिस्ट अर्धी राहिली. म्हणून डाउनविंडला एकदा, बेसला एकदा आणि शॉर्ट फायनलला "तीन हिरवे" (चाकं खाली असल्याचे तीन हिरवे दिवे) बोटाने दाखवून एकदा. तुमच्या १७२ ची चाकं पक्की आहेत, तरी म्हणा. हाताला आत्ता लावलेलं वळण पुढे कामाला येतं.

तर पुढच्या सेशनसाठी इन्स्ट्रक्टरकडे "आणखी सर्किट" मागू नका, नेमकं मागा. लांब रनवे असेल तर शेजारी बसवून थोडी पॉवर ठेवून रनवेवरून दोन-तीन फुटांवर लेव्हल उडत जायचं, टेकायचं नाही, टोक यायच्या बऱ्याच आधी गो-अराउंड. त्या उंचीवर एरवी तुम्हाला जेमतेम चार-पाच सेकंद मिळतात, इथे सलग बरेच मिळतात, डोळ्यांना उंची ओळखीची होते आणि हातांना कळतं की फार थोडं हलवावं लागतं. मग त्यांना सांगा की मुद्दाम छोटा बाउन्स करून द्या आणि मी सावरतो, दोन-तीनदा. नंतर टच अँड गो (टेकून न थांबता परत उडणं) न करता पूर्ण थांबून, टॅक्सी करत परत या, घाईत फ्लॅप-ट्रिम बदलण्यापेक्षा त्या टॅक्सीच्या वेळात आत्ताचं लँडिंग कुठे बिघडायला लागलं ते बोला, आणि प्रत्येक वेळी ३०० फुटांवर वेग किती होता तो आकडा आठवून सांगायचा प्रयत्न करा. सुरुवातीला आठवणार नाही. तो न चुकता आठवायला लागला की परत सोलो मागा, आणि त्या दिवशी एकट्याच्या वजनाला अप्रोच स्पीड किती धरायचा ते निघायच्या आधी इन्स्ट्रक्टरबरोबर ठरवून घ्या.